कणगी आणि नळ

साशंक : इन्सुलिनच्या पंपाबद्दल तू पाठवलेलं सगळं मी वाचलं. यंत्र चांगलं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं अडतं ते एकाच जागी. आज आपली छकुली रात्री नऊला जे लांब पल्ल्याचं इन्सुलिन घेते, ते कातडीखाली साठून राहतं आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत थोडं थोडं झिरपत राहतं. ती तिची कणगी आहे. जेवणाचं एखादं इंजेक्शन राहिलं, पेन शाळेत विसरलं, तरी कणगीत चार दाणे असतात. शुगर चढते, तोंड सुकतं, पण पोर तग धरते. पंपात ही कणगी नाही. त्यात फक्त झटकन काम करणारं इन्सुलिन, तेही थेंबाथेंबाने. कातडीखालची ती मऊ नळी वाकली, हवेचा बुडबुडा आला, झोपेत चिकटपट्टी सुटली, की तीन-चार तासांत अंगात इन्सुलिन उरतच नाही. मग कीटोन, उलट्या, सलाईन. नळाला चोवीस तास पाणी येतं म्हणून तू घरातले हंडे काढून टाकायला निघाली आहेस, असं मला वाटतं.

उत्सुक : ताई, कणगी म्हणालीस ते मला पटलं, पण कणगी एकदा भरली की त्यातले दाणे परत काढता येत नाहीत, हेही बघ. रात्री नऊला मी जे १४ युनिट देते, ते उद्याच्या चोवीस तासांचा निकाल आजच लावून टाकतात. उद्या तिला ताप येईल का, शाळेत पळापळ होईल का, हे मला रात्री नऊला कसं कळणार? गेल्या उंदोकाईला, म्हणजे शाळेच्या क्रीडादिनाला, रिलेच्या आधी तिची शुगर ५४ होती. वर्ग रांगेत उभा आणि ही तंबूत बसून रामुनेच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, गोळ्या चघळत होती. आणि पहाटे नेमकं उलटं. चारनंतर वाढीचे हार्मोन जोर करतात, शुगर वर चढते. ती दाबायला रात्रीचा डोस वाढवला की दोन वाजता लो, म्हणजे शुगर घसरलेली. म्हणजे पहाटेच्या भुकेसाठी मध्यरात्रीच जेवायला घालायचं. पंपात चार ते सातचा वेग वेगळा ठेवता येतो, खेळाच्या तासाआधी कमी करता येतो. आपलं पेन अर्ध्या युनिटाखाली जात नाही, पंप एका युनिटाचा चाळिसावा हिस्सासुद्धा सोडतो. अकरा वर्षांच्या, ३३ किलोच्या मुलीला हा फरक लहान नाही.

साशंक : लहान नाही, कबूल. पण यंत्राचं श्रेय यंत्राला आणि माणसाचं माणसाला दे. मला नवव्या वर्षी, १९८७ साली, कराडला हाच टाइप वन मधुमेह निघाला. तेव्हा घरी शुगर मोजायचं यंत्र नव्हतं. परीक्षानळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्टोव्हवर उकळायचं. निळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर सावध, विटकरी झालं की आईचा चेहरा उतरायचा. काचेची सिरिंज रोज उकळायची. फ्रिज नव्हता, इन्सुलिनची कुपी माठाशेजारी ओल्या फडक्यात. ते दिवस चांगले होते असं मी म्हणत नाही. माझ्या उजव्या डोळ्याला दोनदा लेझर करावं लागलं, ते त्याच दिवसांचं देणं आहे. पण पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतला तो मोठा अभ्यास आला. १,४४१ रुग्ण, सरासरी साडेसहा वर्षं पाहिलेले. शुगर काटेकोर ठेवली तर डोळ्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात निघालं. सगळे डॉक्टर हे सांगतात. त्या काटेकोर गटात पंपवाले होते तसे दिवसाला तीन-चार इंजेक्शनं घेणारेही होते, हे मात्र कमी जण सांगतात. गुण आला तो वारंवार मोजण्याने, डोस बदलण्याने, डॉक्टर-नर्स सतत पाठीशी असण्याने. आणि त्याच गटात गंभीर लो होण्याचं प्रमाण तिपटीवर गेलं. मी त्यानंतर दिवसातून सहा वेळा बोट टोचायला लागले, पेनवरच राहिले, आणि गेली पंचवीस वर्षं माझा दुसरा डोळा शाबूत आहे.

उत्सुक : तुझा डोळा शाबूत आहे तो तू सहा वेळा बोट टोचलंस म्हणून. पण सगळं आयुष्य त्या टोचण्याभोवती बांधावं लागलं, तेही त्यातच आलं. आणि १९९३ चा पंप आणि आजचा पंप एक नव्हे. तेव्हाचा पंप सांगितलेला वेग डोळे मिटून पाळायचा. आताच्या पंपाला सेन्सर जोडलेला असतो, दर पाच मिनिटांनी आकडा येतो, शुगर घसरायला लागली की तो आधीच हात आखडतो. तिपटीवर गेलेले लो खाली आणायचे म्हणून तर ही सगळी खटपट झाली. लॉस एंजेलिसच्या डॉक्टर कॅडिश यांनी १९६३ साली केलेला पंप पाठीवरच्या पिशवीएवढा होता. १९७८ मध्ये लंडनच्या पिकप आणि कीन यांनी कातडीखाली सतत इन्सुलिन सोडून दाखवलं. प्रत्येक टप्प्यावर आधी भीतीच होती. इथे जपानमध्ये तर १९८१ पर्यंत घरी स्वतः सुई टोचून घेण्याला विम्याची मान्यताही नव्हती. रुग्णाच्या हाती सुई कशी द्यायची, हा तेव्हाचा प्रश्न होता. आज तो प्रश्न कुणाला आठवतही नाही.

साशंक : मग आजचा प्रश्न विचारते. तयारी काय केलीस? पंप आणला, पोटाला लावला, झालं, असं नाही ना?

उत्सुक : सहा आठवडे वही चालू आहे. काय खाल्लं, किती ग्रॅम कार्ब, किती युनिट, दोन तासांनी किती, खेळली किती. दोनदा रात्रीचं जेवण लवकर उरकून, पुढे काहीही न देता, दर दोन तासांनी शुगर पाहिली, रिकाम्या पोटी शुगर कुठे जाते ते कळावं म्हणून. डॉक्टरांनी माझ्यासमोर गणित मांडलं. सध्या दिवसाचे मिळून ३० युनिट. पंपावर इन्सुलिन कमी लागतं म्हणून पाचवा हिस्सा काढला, राहिले २४. त्यातले निम्मे, १२, दिवसभर झिरपण्याचे, म्हणजे तासाला अर्धा युनिट. ५०० ला २४ ने भागलं, साधारण वीस, म्हणजे वीस ग्रॅम कार्बला एक युनिट. १८०० ला २४ ने भागलं, ७५, म्हणजे एका युनिटाने शुगर ७५ उतरावी. हे आकडे फक्त तिचे, आणि तेही पहिल्या दिवसापुरते. पुढे रोज बदलणार.

इथे फुनाबोरीच्या स्टेशनजवळ कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घेतला की मागे कार्बचा आकडा छापलेला असतो, चाळीसच्या आसपास. दोन युनिट. डोकं चालवावं लागत नाही. माझी परीक्षा झाली ती होळीला. निशी-कासाईच्या भारतीय दुकानातून डाळ आणली. पुरण शिजायच्या आधी डाळ काट्यावर ठेवली, २०० ग्रॅम. गूळ २००. कणीक २००. प्रत्येकातले कार्ब काढले, बेरीज केली, साडेचारशेच्या वर गेली. बारा पोळ्या झाल्या. म्हणजे एका पोळीत ३८ ग्रॅम. आकडा ओनिगिरीचाच! दोन युनिट दिले आणि दीड तासाने ती ६६ वर आली. घाबरून साखरपाणी दिलं. तीन तासांनी २४०. वर सोडलेल्या तुपाने पोळी पोटात रेंगाळली होती, इन्सुलिन आधी पोचलं, गूळ मागून आला. पंपात तोच डोस निम्मा आत्ता, निम्मा पुढच्या दोन तासांत पसरून देता येतो. पेनने मला दुसरी सुई टोचावी लागली असती, आणि सणाच्या पंगतीत ती दुसऱ्या सुईला नाही म्हणते. नाही म्हणते म्हणजे पोळीला नाही म्हणते. गेल्या वर्षी तिने एकही खाल्ली नव्हती.

साशंक : तिने पोळी खाल्ली नव्हती हे तू मला सांगितलं नव्हतंस.

उत्सुक : सांगून काय करणार होते, ताई.

*

या दोघींना इथे क्षणभर थांबवून मला एक बोलायचं आहे. पंप सुरू करण्याआधीच्या आठवड्यांना आपल्याकडे, आणि जपानमध्येही, औपचारिकता समजलं जातं. फॉर्म, प्रशिक्षण, तारीख. माझ्या मते उपचार तिथेच सुरू होतो. ज्या घरात डाळ, गूळ, कणीक काट्यावर चढली, त्या घराला आपल्या मुलीच्या शरीराचा स्वभाव यंत्र येण्याआधीच थोडाफार कळला आहे. ज्या घरात ती चढली नाही, तिथे पंप महागडी सिरिंज होऊन बसतो. आणि मराठी स्वयंपाक या बाबतीत फार अवघड आहे. आपण भाताला मूठ, भाजीला पळी आणि पोळीला अंदाज लावतो. हा अंदाज आपल्या हाताचा अभिमान आहे. तो आकड्यात उतरवताना घरातल्या बाईला काहीतरी गमावल्यासारखं वाटतं, हे मी पाहिलं आहे.

*

साशंक : गणित तू करशील, ते मला माहीत आहे. तू दहावीलाही माझ्यापेक्षा पुढे होतीस. पण गणित घराच्या चार भिंतींत चालतं. आता तुझ्या गावाकडे बघ. गेल्या वेळी आले तेव्हा फुनाबोरीच्या टॉवर हॉलच्या माथ्यावर नेलंस. केवढी नदी ती! आराकावा वाहते आणि तिच्या काठाखाली ही घरं. तूच म्हणालीस की भरतीच्या वेळी तुमच्या एदोगावा वॉर्डाची सत्तर टक्के जमीन समुद्राच्या पातळीखाली असते. तुमच्या वॉर्डाने २०१९ साली पुराचा नकाशा घरोघर वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर एदोगावावर बोट ठेवून लिहिलं होतं की इथे थांबायचं नाही, बाहेर पडा. पाणी एक-दोन आठवडे ओसरणार नाही, असंही त्यातच आहे. जिथे सरकारच सांगतं की हंडा भरून निघा, तिथे तू हिला बिनसाठ्याच्या नळावर ठेवणार. भूकंप तर वेगळाच.

उत्सुक : त्या नकाशाचं पान माझ्या फ्रिजवर लावलेलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये हागिबिस वादळ आलं तेव्हा या भागातल्या चार लाखांहून जास्त लोकांना घर सोडायला सांगितलं होतं. तेव्हा छकुलीला मधुमेह नव्हता. मी पिशवीत पासपोर्ट, कपडे आणि थेपले भरले होते. आज दाराशी जी पिशवी लटकते तिच्यात दोन पेनं आहेत, एक जलद आणि एक लांब पल्ल्याचं. सुया, कीटोनच्या पट्ट्या, बोटाचं मीटर, रामुने, पेन्सिल सेल. पंप साध्या पेन्सिल सेलवर चालतो, वीज गेली तरी चालतो. सेन्सरचा ट्रान्समीटर मात्र चार्ज करावा लागतो, तो बंद पडला तर पंप आंधळा होतो आणि ठरवलेल्या वेगाने सोडत राहतो. पंपच बंद पडला तर लांब पल्ल्याचे किती युनिट द्यायचे, ते डॉक्टरांनी जपानी आणि इंग्रजीत लिहून दिलंय, खाली मी मराठीत. म्हणजे कणगी मी मोडली नाही, ताई. ती कातडीखालून काढून पिशवीत ठेवली.

साशंक : कातडीखालची कणगी विसरत नाही. पिशवी विसरते. छकुली आजोळी राहिली, शाळेच्या सहलीला गेली, मैत्रिणीकडे झोपायला गेली, तर पिशवी कोण नेणार? आणि पुण्याला आलात की आणखी एक. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या अजूनही ४० युनिटच्या मिळतात. पंप १०० च्या इन्सुलिनचा हिशोब धरून चालतो. घाईत दुकानदाराने दिलेली ४० ची कुपी पंपात भरलीत, तर यंत्र एक युनिट मोजेल आणि अंगात जाईल युनिटाचे चार दशांश. काही वाजणार नाही, काही तुटणार नाही, पडद्यावर सगळं ठीक दिसेल. आणि १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या ४० च्या सिरिंजने ओढलंत तर उलट, अडीच पट. हे मी ऐकीव सांगत नाही. अडीच पटीचा अनुभव माझा आहे. स्वयंपाकघरात पडले होते. आईने दात उघडून तोंडात मध घातला.

उत्सुक : हे लिहून घेते. ४० चं माझ्या लक्षात नव्हतं. इथे ४० ची कुपी पाहायलाही मिळत नाही, म्हणून तिकडचा विचारच केला नाही.

साशंक : आता जे बोलायचं राहिलंय ते बोलते, आणि राग धरू नकोस. सेन्सरचा आकडा तिच्या पंपावर येतो तसाच तुझ्या फोनवरही येणार ना? ती वर्गात जपानी शिकत असेल आणि तू ऑफिसात बसून बघशील, १८०, १९५, २१०. मग निरोप पाठवशील, काय खाल्लंस? पंप इन्सुलिन सोडतो हे खरं, पण त्याबरोबर तुझी नजरही तिच्या अंगाला चिकटवतो. मला लहानपणी शुगर कळत नव्हती, त्याची किंमत मी मोजली. पण माझी शुगर माझी होती. शाळेत मी संडासात जाऊन सुई घ्यायचे, कुणाला सांगायचे नाही. ते चूक होतं. तरी त्या दाराची कडी आतून माझ्या हातात होती.

उत्सुक : ती कडी आतून लावलेली असताना तू एकदा तिथेच बेशुद्ध पडलीस, ताई. शिपायाने दार तोडलं. मी तेव्हा तिसरीत होते. तुझी चप्पल हातात घेऊन मी दवाखान्यात बसले होते. म्हणून मला फोनवर आकडा हवा आहे. आणि तू म्हणतेस तेही खरं आहे, हे मला सेन्सर लावल्यापासूनच कळतंय. पोहण्याच्या तासाला पोरींनी दंडावरच्या सेन्सरबद्दल विचारलं, ते तिने त्यांना झकास समजावून सांगितलं. त्यांचं तिला काही वाटलं नाही. त्याच दिवशी मी ‘२२० का?’ असा निरोप पाठवला, तर घरी आल्यावर जेवली नाही. जगासमोर तिला लाज नाही. माझ्यासमोर आहे.

साशंक : मग पंपाने ती कमी होईल की वाढेल?

उत्सुक : माहीत नाही. त्सुबोमी नो काईच्या, म्हणजे इथल्या पालकांच्या मंडळाच्या एका बाईंनी मला सांगितलं की पहिलं वर्षभर फोनवरचा आकडा नवऱ्याकडे द्या, तुमच्याकडे नको. त्यांच्या मुलीसाठी ते जमलं. आमच्याकडे बाबा रात्रपाळीला असतो. मी विचार करतेय.

साशंक : आणि पैसे? आपल्याकडे पंप म्हणजे काही लाख रुपये, शिवाय दर महिन्याचं साहित्य, सगळं खिशातून. परभणीच्या, धाराशिवच्या कितीतरी मुलांना सुईच वेळेवर मिळाली तरी पुष्कळ. छत्रपती संभाजीनगरच्या ‘उडान’सारख्या संस्था मुलांना इन्सुलिन, मीटर पुरवतात तेव्हा कुठे काही घरं तरतात. तुझ्याशी वाद घालताना ती घरं माझ्या डोळ्यांसमोर असतात.

उत्सुक : इथे पंप विकत घ्यावा लागत नाही, रुग्णालयाकडून वापरायला मिळतो, दर महिन्याच्या तपासणीबरोबर त्याचा खर्च विम्यात धरतात. मुलांच्या दीर्घ आजारांची योजना आहे, ती विसाव्या वर्षापर्यंत चालते. पुढे नाही. टाइप वनचा मोठ्यांच्या दुर्धर आजारांच्या यादीत समावेश नाही. विशी उलटली की तीस टक्के स्वतः भरायचे. आजार तोच, शरीर तेच, वाढदिवस झाला म्हणून मदत थांबते. याचा मला खरोखर संताप येतो. तेव्हा ती शिकत असेल, नाहीतर पहिल्या नोकरीत असेल. पैशापायी पंप सोडून पेनकडे परतलेली तरुण मुलं मंडळात भेटतात.

साशंक : म्हणजे आज सवय लावायची आणि विशीत ती तिलाच फेडायला लावायची.

उत्सुक : किंवा आजची नऊ वर्षं तिच्या डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या नावावर जमा करायची. तू म्हणतेस ती कणगी अशीही असू शकते.

साशंक : हं. हे मला आधी सुचलं नव्हतं. पण जमा होतील ती चांगली वर्षं, फक्त ती यंत्राशी भांडत बसली नाही तर. पंप रागाने काढून कपाटात टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. चौदाव्या-पंधराव्या वर्षी. पेन वापरणारं पोर रुसून दुपारचा डोस चुकवतं, तेव्हा त्याच्या अंगात आदल्या रात्रीचे दाणे असतात. पंपवाल्याच्या अंगात काही नसतं. रुसायला तिला तीन तास मिळतात.

उत्सुक : परवा रुग्णालयात नर्सबाईंनी तिच्या हातात रिकामा पंप दिला. सगळी बटणं दाखवायच्या आतच तिने विचारलं, हे माझं मला काढता येईल का? त्यांनी लगेच जोड सोडून दाखवला आणि तिच्याकडून तीनदा करून घेतलं. काढ, लाव, काढ, लाव. आंघोळीला काढायचा, पोहायला काढायचा. मग टेबलावर स्वयंपाकातला टायमर ठेवला आणि सांगितलं, काढलास की हा लावायचा, तासाभराच्या आत परत जोडायचा. तिने टायमर घेतला नाही. स्वतःच्या घड्याळात लावून बघितला.

साशंक : आणि तास संपला, घड्याळ वाजलं, आणि तिने ते बंद करून टाकलं तर? तुझ्या फोनवरही वाजणार आहे का?

उत्सुक : तेच ठरायचंय. अकरा तारखेला ॲडमिट करायचंय, चार दिवस ठेवणार आहेत. त्याआधी तिला विचारते.